शेगडीबरोबर कल्याण-डोंबिवलीस

प्रवासवर्णन म्हटलें कीं तें काशी-रामेश्वराचें, निदान माथेरान-महाबळेश्वराचें तरी असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते. आमचा हा प्रवास ठाण्याहून कल्याणास आणि कल्याणाहून मागें फिरून डोंबिवलीस, एवढाच होता. सारें अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आंतबाहेर. रोज लक्षावधि माणसें तें कापतात आणि त्याविषयीं लिहावें असें कोणास वाटत नाहीं. परंतु त्या दिवशीं आमच्या सामानांत एक जुनी लोखंडी शेगडी होती. आणि तिच्यामुळें आमच्या कुटुंबावर जो प्रसंग आला, तो ज्या घरांत म्हातारीं माणसें, बाळंतिणी व तान्हीं मुलें आहेत अशा प्रत्येक घरानें ऐकून ठेवण्यासारखा आहे. म्हणून हें लिहावयास बसलों आहों.

हकीकत २०२४ सालच्या मार्गशीर्षांतली. डोंबिवलीस राहणाऱ्या आमच्या थोरल्या बंधूंची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. तिला मुलगी झाली. आमची सर्वांत वडील बहीण आक्का, वय वर्षें ब्याऐंशी, ही ठाण्यास आमच्याकडे असते. बातमी येतांच आक्कानें पहिला प्रश्न केला, "शेगडी कोठें आहे?" दादा फोनवर म्हणाले, "आक्का, हल्लीं शेकशेगडी कोणी करीत नाहीं. गरम पाण्याची पिशवी आहे." आक्का म्हणाली, "पिशवीनें अंग शेकतें, खोली शेकत नाहीं. आपल्या घरचीं अकरा बाळंतपणें मीं काढलीं आहेत." ह्यावर कोणी काय बोलावें! कल्याणच्या जुन्या घरीं माळ्यावर शेगडी असेल, ती आम्हीं डोंबिवलीस पोंचवावी आणि आक्कानें महिनाभर तेथेंच राहावें, असें ठरलें. आमच्या घरांत पदवीधरांची वाण नाहीं. तरी पण बंद खोलींत विस्तव ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्यापैकीं एकासहि सुचला नाहीं, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघालों. मासुंद्याच्या तलावावरून थंड वारा येत होता. थंड म्हणावयाचा तो ठाण्याच्या मानानें, कारण येथें अंगांत हुडहुडी भरण्याजोगी थंडी क्वचित् पडते. कौपिनेश्वराचें दर्शन घेऊन स्टेशनावर आलों. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी सुमारें ३४ किलोमीटर तोडून ह्याच गांवीं येऊन थांबली. तिला साहेब, सिंध व सुलतान अशा नांवांचीं तीन इंजिनें जोडलेलीं होतीं. पुढल्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणापर्यंत गेला. आपल्या लोकांनीं ह्या वाहनास "आगगाडी" हें नांव दिलें, तें मोठें समर्पक आहे. पोटांत आग घेऊन चालणारें तें यंत्र. परंतु आगीस हवा मिळावी म्हणून त्यास खालीं जाळी आणि धूर निघून जावा म्हणून डोक्यावर धुराडें होतें. ज्यांनीं तें घडविलें त्यांस आगीचा स्वभाव ठाऊक होता.

धिमी गाडी मिळाली. खाडीचा पूल ओलांडला, कळवें मागें पडलें, आणि मुंब्र्याचे उभे डोंगर दिसूं लागले. एका अंगास डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी, असा हा टापू कितीहि वेळां पाहिला तरी डोळ्यांस सुख देतो. ह्याच रांगेतून पारसिकचा बोगदा खोदलेला आहे. तो १९१६ सालीं वापरांत आला. वाफेच्या इंजिनांच्या काळीं बोगदा येतांच उतारू भराभर खिडक्या लावून घेत, कारण धूर बाहेर असे व माणसें आंत. घरांत शेगडी पेटविली म्हणजे ह्याच्या उलट होतें, धूर आणि माणसें दोन्ही आंतच असतात. तरी खिडकी लावून घेण्याची संवय मात्र तीच राहते. दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशीं स्टेशनें करीत गाडी कल्याणास आली.

कल्याण हें फार जुनें बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं हें ठाणें घेतलें, आणि दुर्गाडीचें नांव मराठी आरमाराच्या आरंभाशीं कायमचें जोडलें गेलें. येथील सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें. पण गांवाचा हा मोठेपणा आतां शोधावा लागतो. स्टेशनाबाहेरील रिक्षांची व माणसांची गर्दी मागें टाकून पारनाक्याकडे वळलें म्हणजे कोठें कोठें एखादा वाडा अद्यापि उभा दिसतो. बाकीच्यांच्या जागीं उंच इमारती झाल्या आहेत. आमच्या घराचीहि तीच गत लौकरच होणार आहे.

कुलूप काढून आंत गेलों. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि माजघराच्या बाजूस ती काळोखी खोली, जिला सर्वजण "बाळंतिणीची खोली" म्हणत. आमचा जन्म त्याच खोलींतला. खोली दहा फुटांची, खिडकी वीतभर, दारास घोंगडीचा पडदा. ह्या खोलींत वाऱ्यास मज्जाव असे, अशीच आमची लहानपणापासूनची समजूत. वर पाहिलें तों भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती. भिंतीचा माथा आणि कौलें ह्यांत हातभर मोकळी जागा होती, आणि कौलांच्या सांध्यांतून उजेडाचे कवडसे खालीं पडत होते. दाराच्या फळ्यांतून वारा येत होता. त्या वेळीं आमच्या मनांत एवढेंच आलें कीं, हें घर आतां पावसाळ्यांत फार गळत असणार.

माळ्यावर शेगडी सांपडली. चार पायांची, दोन कड्यांची, मधें जाळी व खालीं राख काढावयाचें दार. तिच्या शेजारीं तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटांतून वर गेलेली नळी पाहून जुन्या सकाळी आठवल्या. तो बंब घरांत कधीं पेटविलेला आम्हांस स्मरत नाहीं. परसांत, न्हाणीच्या दाराबाहेर तो पेटे आणि तापलेलें पाणी तेवढें आंत जाई. असा परिपाठ कां होता, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं आणि कोणी सांगितलें नाहीं.

शेगडी गोणपाटांत बांधून डोंबिवलीची गाडी धरली. गर्दींत शेजारीं उभ्या असलेल्या एका तरुणानें गोणपाटांतून डोकावणारा पाय पाहून विचारलें, "काका, बार्बेक्यू का?" बाळंतिणीस शेकण्यासाठीं आहे, असें सांगतांच डब्यांतील चार वयस्क मंडळींनीं माना डोलाविल्या. "अजून करतां ना हें सगळें? बरें आहे," असें एक गृहस्थ म्हणाले. त्या शाबासकीनें आम्हांस बरें वाटलें, हें लपवीत नाहीं.

डोंबिवली हें पुस्तकें, गाणें आणि नाटक ह्यांची आवड असलेल्या पांढरपेशा कुटुंबांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. १९२४ सालीं स्थापन झालेलें तेथील गणेशमंदिर आणि दिवाळीच्या पहांटे तरुण मंडळींनीं फुलून जाणारा फडके रस्ता, हीं त्या गांवाचीं भूषणें. दादांचें बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर आहे. घर नवें, टापटिपीचें. बाळंतिणीची खोली पाहून आक्का संतुष्ट झाली. सरकत्या तावदानांची खिडकी लावली कीं रस्त्याचा आवाजहि आंत येत नसे. दार चौकटींत घट्ट बसणारें. त्याच्या खालच्या फटींतून वारा लागूं नये म्हणून तेथें चादरीची गुंडाळी ठेवण्यांत आली. इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. आक्कानें शेगडी सज्जांत पेटविली, धूर पुरता सरूं दिला, निखारे लालबुंद फुलल्यावर वर ओवा, बाळंतशेपा व वावडिंग टाकून ती खोलींत नेली. "धुराची शेगडी आंत नेऊं नये," हा तिचा नियम. तो तिनें अक्षरशः पाळला. आम्ही जेवून ठाण्यास परतलों.

पुढील तीन दिवसांत मुलीचें डोकें दुखूं लागलें. कोणी म्हणालें, जागरण होतें. कोणी म्हणालें, बाळंतवारा. मळमळहि होई. जेवावयास बाहेर येऊन बसली कीं तिला जरा हुशारी वाटे, खोलींत गेली कीं पुन्हा डोकें जड. ही खूण सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. चौथ्या दिवशीं पहांटे गारठा अधिक पडला. बाळ रडलें म्हणून चार वाजतां शेगडी पुन्हा फुलविली, बाजेखालीं सारली, आणि मायलेकींस झोंप लागावी म्हणून दार लावून घेतलें.

साडेसहा वाजतां तेल लावावयास येणारी बाई आली. ती कर्जतकडल्या खेड्यांतली. तिनें दार उघडलें, दोन पावलें आंत गेली, आणि तेथूनच ओरडली, "ताई, खिडकी उघडा आधीं! हिकडं जीव कोंडतोय." तिनें बाळास उचलून वहिनींच्या हातीं दिलें, आमच्या पुतणीस काखेंत धरून बाहेर ओढून आणलें, मग श्वास रोखून शेगडी सज्जांत नेऊन ठेवली. पुतणी शुद्धीवर होती, पण तिचें बोलणें अडखळत होतें, पाय लटपटत होते. बाळ सुस्त होतें. घरांत करोनाच्या साथीपासून बोटास लावावयाचें यंत्र होतें. आमच्या पुतण्यानें तें बहिणीच्या बोटास लावलें. अंक आला ९८. "प्राणवायु ठीक आहे, थोडी पडूं द्या," असें तो म्हणाला. वहिनींनीं तें ऐकलें नाहीं. "अंक राहूं दे, मला माझी मुलगी दिसते आहे," असें म्हणून त्यांनीं रिक्षा बोलाविली.

ह्या एका वाक्यानें दोन जीव वांचले, असें डॉक्टरांनीं मागाहून आम्हांस सांगितलें. रुग्णालयांत रक्त तपासल्यावर निदान झालें तें कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूच्या विषबाधेचें. दोघींसहि मुखवट्यांतून शुद्ध प्राणवायु देण्यांत आला. दोन दिवसांनीं त्या घरीं आल्या. आज दोघीहि सुखरूप आहेत.

आम्ही ठाण्याहून धांवत गेलों तेव्हां डॉक्टरांनीं जें समजावून दिलें, तें वाचकांसाठीं देतों. कोळसा, लांकूड, रॉकेल किंवा गॅस ह्यांस जळतांना पुरेशी हवा मिळाली नाहीं म्हणजे हा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांस झोंबत नाहीं. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो; मग रक्त फिरत असतें, पण शरीराची उपासमार होते. बोटास लावावयाचें साधें यंत्र ह्या दोहोंतला भेद ओळखीत नाहीं, म्हणून तें खुशाल ९८ दाखवितें. साध्या हवेंत हें विष अर्धें उतरण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायूनें तेंच काम तासा-दीड तासांत होतें. म्हणून रुग्णालय गांठण्यांत हयगय करूं नये. तान्हें मूल आणि गर्भवती ह्यांस धोका सर्वांत जास्त.

आणि आक्काचा नियम? धूर हा डोळ्यांचा शत्रु, तो सरल्यावर शेगडी आंत न्यावी, हें खरेंच आहे. परंतु धूर नसलेले लाल निखारेच हा वायु भरपूर सोडतात. धूर दिसत होता तोंवर आपण सावध होतों. धूर गेला आणि सावधपणाहि गेला.

आक्का दोन दिवस जेवली नाहीं. "अकरा बाळंतपणें केलीं, एकीच्याहि केसास धक्का लागला नाहीं, आणि आतां माझ्या हातून हें व्हावें!" असें ती पुन्हा पुन्हा म्हणे. तेव्हां आम्हांस कल्याणच्या खोलींतले ते कवडसे आठवले. आम्हीं तिला म्हटलें, "आक्का, तुझी शेगडी चुकली नाहीं. आम्हीं कल्याणाहून शेगडी आणली, पण ती खोली आणली नाहीं." त्या घराचीं कौलें आणि दाराच्या फटी तीन पिढ्या आपलें राखण करीत होत्या, आणि आपण श्रेय शेगडीस देत होतों. आक्का बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे गळकें घर बरें म्हणावयाचें." तिनें त्या दिवशीं पेज घेतली.

ठाण्यास आल्यावर ह्या विषयाचें कांहीं वाचन केलें. फ्रान्समधील शास्त्रज्ञ क्लोद बर्नार ह्यांनीं १८५० च्या दशकांतच हा वायु रक्तावर कसा परिणाम करतो तें दाखविलें होतें. प्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला १९०२ सालीं पॅरिसमध्यें आपल्या शयनगृहांत ह्याच वायूनें गेला. शेगडीचें धुराडें तुंबलेलें होतें. इंग्लंडांतील खाणींत हाल्डेन ह्या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून पिंजऱ्यांतील पक्षी नेत. पक्षी आधीं कोलमडे आणि माणसें सावध होत. ही चाल १९८६ पर्यंत होती. आणि अगदीं अलीकडे, जानेवारी २०२० मध्यें, नेपाळांत दामन येथें सहलीस गेलेलीं केरळांतलीं आठ माणसें, त्यांत चार मुलें, हॉटेलच्या बंद खोलींत गॅसची शेगडी लावून निजलीं, तीं उठलीं नाहींत. हिवाळ्यांत थंड हवेच्या ठिकाणीं जाणाऱ्या आपल्या मंडळींनीं ही गोष्ट विसरूं नये.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली ही कीं, हल्लींच्या बंद घरांत निजावयाच्या खोलींत कोळशाची शेगडी नेऊंच नये. खिडकी किलकिली ठेवली म्हणजे भागलें, अशा भ्रमांत राहूं नये. बाळंतिणीस ऊब हवी असेल तर कोवळें ऊन, गरम पाण्याची पिशवी, किंवा विजेचा हीटर पुरेसा आहे. दुसरी, गॅसवर वा रॉकेलवर चालणारा हीटर घेणें भागच असेल, तर ज्याचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो तोच घ्यावा; तसा नसेल तो उघड्या ओसरीवर वापरावा, आणि कोणताहि पेटता ठेवून निजूं नये. तो सपाट फरशीवर, पडदे व अंथरूण ह्यांपासून निदान तीन फूट दूर ठेवावा. सिलिंडर नेहमीं उभा असावा. नळीचे सांधे साबणाच्या पाण्यानें पाहावे, काडी ओढून कधींहि पाहूं नये. रॉकेल भरावयाचें तें विझवून, गार झाल्यावर. गॅसच्या टांकींत वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते; ज्वलनांतून निघणारा हा दुसरा वायु मात्र कळत नाहीं. तो ओळखून घंटा वाजविणारें लहानसें यंत्र आतां मिळतें. तें घरांत असावें. तिसरी, शेगडीची राख थंड दिसली तरी पोटांत निखारा तासन्तास जागा असतो. ती प्लॅस्टिकच्या बादलींत न टाकतां झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत टाकावी. चौथी, एकाच खोलींतल्या एकाहून अधिक माणसांचें डोकें दुखूं लागलें, किंवा बाहेर आल्यावर उतरूं लागलें, तर आधीं सर्वांस मोकळ्या हवेंत आणावें, १०८ वर फोन करावा, आणि डॉक्टरांस "घरांत विस्तव होता" हें न विसरतां सांगावें.

एवढें शहाणपण पदरीं घेऊन आम्ही एके दिवशीं सकाळीं आपल्याच न्हाणीघरांत उभे राहिलों. भिंतीवर गॅसचा गीझर. कित्येक वर्षें तो तेथें आहे. वरची लहानशी खिडकी थंडी व डांस येतात म्हणून आम्हींच पुठ्ठा ठोकून बंद केली होती. गरम पाणी सोडून, दार लावून, पंधरा-पंधरा मिनिटें आम्ही तेथें स्नान करीत होतों. सून कधीं कधीं "आंत गुदमरतें" असें म्हणे, आणि आम्ही तें वाफेवर घालवीत असूं. कल्याणचा बंब परसांत कां असे, हें त्या क्षणीं कळलें. त्याच दिवशीं कारागीर बोलावून गीझर न्हाणीबाहेरच्या उघड्या सज्जांत हलविला आणि पाणी नळानें आंत घेतलें. ज्यांस तेंहि शक्य नसेल त्यांनीं दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळूं द्यावी, आणि मगच स्नानास जावें.

आक्का आतां पुन्हा ठाण्यास आहे. बाळंतपणाची बातमी घेऊन कोणी आलें म्हणजे ती अद्यापि डिंकाच्या लाडवांचें व धुरीचें सर्व यथासांग सांगते, फक्त आधीं विचारते, "खोलीला वर झरोका आहे का?" नाहीं म्हटलें कीं म्हणते, "मग विस्तव नको, बाई. ऊन द्या." वाचकभगिनींनीं व बंधूंनीं हें पान मिटण्यापूर्वीं एकवार उठून आपल्या न्हाणीघराची खिडकी पाहून यावी, एवढीच आमची विनंति आहे.